बूचकाका

माणसं पेय पितात. बोरिवलीत बाभई नाक्यापाशी आमच्या सोसायटीत राहणारे बूचकाका आधी त्याचं वेष्टन तपासतात, आणि तपासणी संपेपर्यंत तहान निघून गेलेली असते. त्यांच्या हातात गार बाटली दिली की ती पहिल्यांदा उलटी होते. बुडाशी त्रिकोणात एकचा आकडा आहे का बघायचं, अंगठ्यानं पोट दाबायचं, झाकणाच्या कडेवरून नख फिरवायचं. मग निकाल: "बाटली पेट. पण झाकण निराळ्या प्लास्टिकचं!" हे ते अशा सुरात सांगतात, की यजमानाला वाटावं, मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला.

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आता दर सोसायटीत असा एखादा गृहस्थ असतोच. कुणाला गांडूळखताचं वेड, कुणाला गच्चीवरच्या सोलरचं. आमच्या वाट्याला बाटली आली. काकांची सगळी नोकरी अंधेरीच्या एमआयडीसीत, सोडावॉटरची पत्र्याची बुचं ठोकणाऱ्या एका कारखान्यात झाली. नाव तिथूनच पडलं. कारखान्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, चकाल्याला, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग ही 1966 सालची संस्था. तिथे काकांनी ऐन तारुण्यात एक छोटा अभ्यासक्रम केला. त्याचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात जिथे टांगलंय तिथे पूर्वी काकूंच्या माहेरचा विठोबा होता. विठोबा आता स्वयंपाकघरात असतो. "तिथे निदान त्याला खायला मिळतं," असं काकू म्हणतात.

काकांच्या शबनममध्ये स्टीलचा पेला कायम. विरार लोकलमध्ये तो चाव्यांच्या जुडग्यावर आपटत वाजत असतो, त्यामुळे काका कुठल्या डब्यात आहेत ते न बघता कळतं. कागदी कपातला चहा ते घेत नाहीत, कारण त्या कागदाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. हे खरंच आहे. पण टपरीवाल्यापुढे सकाळच्या गर्दीत त्यावर पाच मिनिटं बोलायची गरज नसते. टपरीवाला मुकाट्यानं काचेच्या ग्लासात कटिंग देतो. मग काका तो ग्लास ज्या बादलीत विसळला ती बघतात, आणि चहा शेवटी पेल्यातच ओततात.

काकांचा खरा अभ्यास टेट्रा पॅकचा. 1985 साली पार्ल्याच्याच नावाच्या घराण्यानं फ्रुटी बाजारात आणली, तेव्हा पोरं आंब्याच्या चवीवर खूश होती; काका खोका कापून आतले थर मोजत होते. साधारण तीन चतुर्थांश कागद, बाकी प्लास्टिक आणि जेमतेम पाच टक्के ॲल्युमिनियम. "एकावर एक सहा थर! वेगळे करून दाखवा!" असं आव्हान ते अजूनही हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना देतात. सहकारी भांडारात रिकामे खोके गोळा होतात आणि ते दाबून केलेल्या फळ्यांची शाळेतली बाकं होतात, हे कळल्यापासून घराची रयाच गेली. प्रत्येक खोका उसवून, धुऊन, काकूंच्या साड्यांमध्ये चिमटे लावून वाळत घातला जातो. सोसायटीतल्या पोरांना फ्रुटी पाजून ते खोके हातोहात काढून घेतात. एकदा एका शाळेत पाहुणे म्हणून गेले असता बाकावर थाप मारत मुख्याध्यापिकेला म्हणाले, "यातलं अर्धं बाक मी स्वतः प्यायलोय." बाईंनी पुढचं भाषण आवरतं घेतलं.

1 जुलै 2022ला देशभर प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली. मोठमोठ्या कंपन्या मुदत मागत होत्या; काकांनी पेढे वाटले. त्या वर्षीच्या सोसायटीच्या गणपतीत पोरांना कागदी नळ्या मिळाल्या. त्या दोन घोटांत मऊ पडल्या. एका पोरीनं तर नळीच चघळून खाल्ली आणि आणखी मागितली. काका हरले नाहीत. त्यांनी बांबूची नळी आणली, ती खोक्याच्या भोकात शिरेना. मग त्यांना लहानपणीचं पपईच्या पानाचं देठ आठवलं. पोकळ, फुकट, खतात जाणारं, शिवाय मागच्या कंपाउंडला लागूनच झाड. सगळं जुळलं. फ्रुटी फक्त कडू लागली. शेवटी एका पोरानं खोक्याचा कान दातानं फाडला आणि प्यायला. या तंत्राला नळी लागत नाही हे काकांनी वहीत नोंदवलंय, "स्वच्छतेचा प्रश्न" असा शेरा मारून.

दुधाच्या पिशवीचं प्रकरण वेगळं. 2019च्या जूनमध्ये पर्यावरणमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं, की दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे अनामत घेतली जाईल आणि रिकामी पिशवी परत केली की ती परत मिळेल. काका दुसऱ्या दिवसापासून पिशव्या धुऊन, तारखा घालून, शंभराच्या गड्ड्या बांधू लागले. दूधवाल्याकडे गड्डी घेऊन गेले तर तो म्हणाला, "काका, पन्नास पैशाचं नाणं आधी तुम्ही मला दाखवा." गड्ड्या पलंगाखाली गेल्या. दमट दिवसांत पलंगाला आंबट वास येतो. पाहुण्यांनी नाक मुरडलं की काकू म्हणतात, "आमची ठेव आहे ती."

पण या सगळ्यात एक शोध लागला, आणि तो काकांनी लावला नाही. पिशवीचा कापलेला इवलासा कोपरा हरवतो आणि भंगारात येतच नाही, यावर काका महिनाभर तळमळत होते. काकूंनी एके सकाळी कात्री अर्धीच चालवली. कोपरा पिशवीलाच लोंबत राहिला. पुढे 2024च्या जुलैपासून युरोपात बाटलीचं झाकण बाटलीला जोडलेलंच राहिलं पाहिजे असा कायदा लागू झाला, तेव्हा काका ती बातमी घेऊन धावत स्वयंपाकघरात गेले. "युरोपनं तुझी आयडिया चोरली!" काकू म्हणाल्या, "चोरू दे. आधी गॅसवरचं दूध बघा."

आरेच्या बाटलीचा विषय निघाला की काका हळवे होतात. गोरेगावची दूध कॉलनी 1951ची. जाड काचेची बाटली, वर चकचकीत पातळ टोपण. रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. "याला म्हणतात व्यवस्था!" बिसलेरीचं पाणीसुद्धा आधी काचेतच यायचं, ही माहिती ते याच ओघात देतात. त्यावर काकू एकच प्रश्न विचारतात, "पहाटे केंद्रावर रांगेत कोण उभं असायचं?" मग काकांना काचेचे दोष आठवतात. वजन जास्त, ट्रकला डिझेल जास्त, धुवायला गरम पाणी, वर फुटण्याची भीती. कॅन म्हणजे ॲल्युमिनियम, म्हणजे वीज. शहाळ्याची कवटी कचऱ्याच्या गाडीला जड. अशा रीतीनं जगातलं प्रत्येक पेय बाद झाल्यावर काका माठातलं पाणी देतात. ते मात्र फार गोड असतं. फक्त ते मिळेस्तोवर बसायची तयारी हवी.

गेल्या उन्हाळ्यात अंधेरीला 'हरित वेष्टन' अशा काहीशा विषयावर परिसंवाद होता. काका मलाही घेऊन गेले. प्रत्येक खुर्चीवर पाण्याची चिमुकली प्लास्टिकची बाटली. कार्यक्रम संपला तेव्हा सभागृहभर अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या उभ्या होत्या. काकांनी त्या सगळ्या परिसंवादात मिळालेल्या ज्यूटच्या पिशवीत भरल्या. स्टेशनावरच्या बाटली चुरणाऱ्या यंत्रात टाकू म्हणाले. यंत्र बंद होतं. शेजारी गोणी घेऊन एक मावशी बसल्या होत्या.

"इकडं द्या," त्या म्हणाल्या. काकांनी नेहमीप्रमाणे एक बाटली उलटी केली. मावशींनी ती हातातून घेतली, कानाशी धरून कुरकुर दाबली आणि गोणीत टाकली. पुढची हिरवी आली, तिचा भाव कमी म्हणून ती वेगळी. नखानं लेबल सर्रकन निघालं. त्रिकोण कुणी बघितलाच नाही. काकांनी वही काढली.

"मावशी, हे कुठे शिकलात?"

"लिवायचं नंतर बघा. आधी पाणी ओतून द्या. वजनात पाणी निघालं तर शेठ सगळ्याच मालाचं कापतो. अन् झाकणं इकडं, निराळी."

पुढची दहा मिनिटं काका आणि मी फलाटाच्या टोकाशी असलेल्या एका मरतुकड्या झाडाला पाणी घालत होतो. दोन विरार सोडल्या. शेवटी मावशींनी पिशवीकडेही हात केला. ती मात्र काकांनी दिली नाही. ज्यूटला आतून प्लास्टिकचं अस्तर आहे की काय, हे त्यांना घरी जाऊन उसवून बघायचं होतं.