नासका काय भाव?

मंडईतल्या माझ्या बटाटेवाल्या मावशी माल निवडताना नासका बटाटा बाजूच्या पाटीत टाकतात. गेल्या रविवारी मी म्हटलं, "मावशी, टाकू नका. हे इंधन आहे." मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, आणि शेजारच्या गाळ्याकडे वळून म्हणाल्या, "मी यांना शहाणं गिऱ्हाईक समजत होते."

चेष्टा नाही हो. 2018च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात इथेनॉलच्या कच्च्या मालाची यादी आहे. त्यात खाण्यालायक न उरलेला गहू, तुकडा तांदूळ आणि चक्क सडके बटाटेही आहेत! ज्याला मंडईत गायसुद्धा हुंगून सोडते, त्याचं नाव थेट देशाच्या धोरणात. मला भरून आलं. तेव्हापासून मी वाट बघतोय, की एक दिवस बुरूड आळीतून मागे-मागे घेत टँकर येईल, टाय घातलेला साहेब उतरेल आणि विचारेल, "मावशी, नासका काय भाव?" मावशी म्हणतील, "पंचवीस." साहेब म्हणेल, "वीस." मावशी म्हणतील, "विसाला चांगला देते की, तोच न्या!" आणि साहेब खरंच चांगला भरून घेऊन जाईल.

इथे माझी थट्टा संपते, कारण झालं नेमकं हेच.

2020 साली सरकारी गोदामातला धडधाकट, खाण्याचा तांदूळ 'जास्तीचा' ठरला. 2025च्या जानेवारीत इथेनॉलवाल्यांसाठी त्याचा भाव क्विंटलला 2800 रुपयांवरून 2250वर उतरला, आणि पुढे त्यांच्या नावाने 52 लाख टन काढून ठेवला गेला. किलोला साडेबावीस रुपये! कुठल्याही वाण्याकडे जाऊन या भावाने तांदूळ मागून बघा, तो काळजीने तुमची तब्येत विचारेल. आता हिशेब करा. माझ्या स्कूटरच्या टाकीत पाच लिटर पेट्रोल मावतं. त्यात 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं, म्हणजे एक लिटर. ते तांदळाचं असेल तर त्यामागे दोन-सव्वादोन किलो तांदूळ गेला. महिन्यात तीनदा टाकी भरली की झाले सहा-पावणेसात किलो. अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर माणशी महिन्याला धान्य मिळतं पाच किलो. म्हणजे माझी स्कूटर माणसापेक्षा जास्त जेवते! तिला रांग नाही, अंगठा नाही, 'मशीन बंद आहे, उद्या या' नाही. वर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी, त्यामुळे धावते पूर्वीपेक्षा कमी. इतकं खाऊन कमी काम करणारा आमच्या घरात आजवर मी एकटाच होतो. आणि पेट्रोल काही शंभरीच्या आत यायला तयार नाही. तांदूळ स्वस्तात आत जातो, बाहेर पडताना महाग होतो. असला चमत्कार आमच्या वाण्यालाही जमलेला नाही.

कोंबडीचं तर नावच काढू नका. तिचा मका इथेनॉलच्या भट्टीत गेला. जो देश मका बाहेर विकायचा, त्याने 2024मध्ये तो बाहेरून आणला. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले, त्याचा आनंदच आहे. पण कोंबडीचं खाद्य महागलं, आणि आता भुर्जीवाला अंडं फोडायच्या आधी पैसे मागतो. उसाचं सांगावं, तर त्याच्या एका लिटर इथेनॉलमागे अडीच हजार लिटरच्या वर पाणी जातं. सोसायटीत टँकर मागवणाऱ्या आपण पुणेकरांनी याला 'हिरवं इंधन' म्हणायचं आणि टाळ्या वाजवायच्या! लाज वाटते का कुणाला? 2023 साली पावसाने दगा दिला, तेव्हा डिसेंबरात उसाच्या रसाला लगाम घातला. मग तीच भूक धान्याकडे वळली. भट्टी उपाशी ठेवायची नाही, एवढं एकच व्रत आपण पाळतो.

जे नासलं ते जाळा आणि जे चांगलं आहे ते खा, एवढाच अर्थ मी तरी त्या यादीचा लावला होता. मावशींना तो न वाचता कळतो.

पाटी आजही भरलेली आहे. यादी करणाऱ्यांनी एकदा पिशवी घेऊन यावं. मावशी नासक्याचे पैसे घेत नाहीत.