मी फळा बोलतोय, आठ गुणांसाठी

दहावीच्या मराठीच्या पेपरात लेखनकौशल्याला आठ गुण असतात. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांतलं कोणतंही एक लिहायचं. पोरांना निवडीचं स्वातंत्र्य दिलंय, असं बोर्डाला वाटतं. प्रत्यक्षात पोरगं बाकावर बसतं तेव्हा तिन्ही निबंध त्याच्या डोक्यात छापून तयार असतात. विषय काय आलाय तेवढं बघायचं आणि गाळलेल्या जागा भरायच्या. नोकरीची निम्मी वर्षं धुळ्यात आणि निम्मी जळगावकडे मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे हे मी लाल पेनाच्या अधिकाराने सांगतो.

धुळं पाहिलेल्या माणसाला ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या साहेबाने इथे नवी पेठ आखली. सरळ रस्ते आणि काटकोनात फुटणाऱ्या गल्ल्या. त्या गल्ल्या आजही नंबरानेच ओळखल्या जातात. वैचारिक निबंध अगदी तसाच. गल्ली नंबर एक, 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे'. दोन नंबरात फायदे, तीन नंबरात तोटे आणि चार नंबरात 'नाण्याला दोन बाजू असतात'. विषय मोबाईलचा असो, टीव्हीचा असो की जाहिरातींचा. भाडेकरू बदलतात, गल्ली तीच. एकाने 'वृक्षतोड: शाप की वरदान' असा विषय स्वतःच तयार करून फायदे-तोटे समसमान वाटून दिले होते. न्यायबुद्धी एवढी की झाडाचीही बाजू घेतली नाही.

आत्मकथनाचा नकाशा वेगळा. तिथे लेखक नेहमी एकटाच बसलेला असतो आणि कुठून तरी आवाज येतो. तो इकडेतिकडे पाहतो, कोणीच नसतं. 'अरे, घाबरू नकोस, मी फळा बोलतोय!' मग फळ्याचा जन्म, बालपण, तारुण्यातलं वैभव, म्हातारपणची उपेक्षा आणि शेवटी समाजाला दोन शब्द. एसटीचं आयुष्यही असंच जातं, लळिंगच्या किल्ल्याचंही असंच आणि फाटक्या छत्रीचंही असंच. खानदेशात आत्मचरित्र लिहिण्यासारखं जगणारी एवढी मंडळी असताना बोलायचा मान कायम निर्जीवांनाच का, हा प्रश्न मला नेहमी पडत आला.

साक्रीकडच्या एका पोराला मी एकदा म्हटलं, "हा फळा पुण्याचा दिसतो. तुझ्या गावचा फळा कसा बोलेल?" तो उठून उभा राहिला, शर्ट खाली ओढला आणि सुरू झाला. "मी फळा बोली ऱ्हायनू. गुरुजी मनावर काय लिखतस, ते त्यासलेच वाचता येस नही." वर्ग लोळायचा बाकी राहिला. माझं अक्षर बघता त्या फळ्याला साक्षीदार म्हणून कोर्टात उभं करायला हरकत नव्हती. एवढं खरं की, तेवढ्या दोन वाक्यांत जन्म-बालपण-तारुण्य काहीच नव्हतं आणि तरी फळा जिवंत झाला.

प्रसंगलेखनात वेळेचा क्रम पाळायचा, असं आम्हीच शिकवतो. पोरं तो इतक्या इमानदारीने पाळतात की, सहलीच्या निबंधात पहिलं पान आंघोळ, डबा, एसटीतली खिडकी आणि उलटी यांतच संपतं. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर, पण निबंधातली गाडी तिथे पोचते तेव्हा शेवटच्या चार ओळी उरलेल्या असतात. 'मग आम्ही लेणी पाहिली. लेणी खूप छान होती. मग आम्ही डबा खाल्ला.' दीड-दोन हजार वर्षांची चित्रं एका वाक्यात आणि डब्यातल्या कळण्याच्या भाकरीला तीन. मात्र यात पोरांना दोष देता येत नाही. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला हीच लेणी दिसली, तेव्हा त्या साहेबाने खांबावर स्वतःचं नाव, पलटण आणि तारीख कोरली. निबंध समाप्त. त्याने तर डब्याचाही उल्लेख केला नाही.

मुद्दे कसे मांडावेत याचं उत्तम उदाहरण म्हणून मी वर्गात नेहमी धुळ्याच्या तुरुंगाची गोष्ट सांगायचो. १९३२ साली तिथे विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलायचे आणि साने गुरुजी भराभर उतरवून घ्यायचे. अठरा अध्याय, अठरा रविवार. त्याचंच पुढे 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. खानदेशात घेतल्या गेलेल्या वहीभर नोट्स याहून चांगल्या कुठल्या नसतील, असं मी म्हटल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, किती मार्काला होतं?" दुसऱ्याने त्याला परस्पर उत्तर दिलं, "भो, जेलमधी दुसरं काम काय होतं?"

या सगळ्या गल्ल्याबोळांत कधी कधी भिंत पडते. रावेरकडच्या एका पोराने 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिला होता. पहिला परिच्छेद गाईडचा: काळे ढग जमले, मृद्गंध दरवळला, मोर पिसारा फुलवून नाचू लागले. पानाच्या मध्यावर त्याचं अक्षर बदललं, घाईचं झालं. 'रात्री वारं सुटलं. बाबा बॅटरी घेऊन बागेत गेले. निसवलेली केळी आडवी झाली होती. घड चिखलात होते. बाबा एकेका झाडाला हात लावत फिरत होते. सकाळी तलाठी आप्पा पंचनाम्याला आले, तर आईने त्यांना चहा दिला, पण बाबा बोलले नाही.' मृद्गंध नाही, उपमा नाही, फायदे-तोटे नाहीत. त्यानंतर पोराला एकदम आठवलं असावं की, निबंधाला शेवट लागतो. खाली नवा परिच्छेद, पुन्हा सुवाच्य अक्षरात: 'असा हा पावसाळा मला खूप खूप आवडतो.'

ती वही मी शिक्षकखोलीत वाचून दाखवली. एक सहकारी म्हणाले, शेवट मजकुराशी विसंगत आहे, पाच द्या. मी सात दिले. कापला तो एक मोराचा.