कोल्ह्याचा कुत्रा झाला

नांदेडहून लातूरला जाताना एसटीत वाचायला म्हणून एक जाडजूड कादंबरी घेतली. साडेचारशे रुपये मोजले. इंग्रजीतून मराठीत आणलेली. प्राचीन इजिप्तचे देव परत आलेत आणि आजच्या जगावर राज्य करतायत, असा विषय. हैदराबादच्या संग्रहालयात लहानपणी ममी पाहिली, तेव्हापासून इजिप्तचं वेड आहे. ती ममी सातव्या निजामाने १९३० साली संग्रहालयाला दिली. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच संस्थानात होता, त्यामुळे ती मला कधी परकी वाटली नाही.

पहिला खडा सुरुवातीलाच लागला. अनुबिस म्हणे ‘कुत्र्याच्या तोंडाचा देव’. अहो, तो कोल्हा! वाळवंटाच्या कडेला उथळ पुरलेली प्रेतं कोल्हे उकरायचे, म्हणून मढ्यांची राखण कोल्ह्याच्याच देवाकडे सोपवली, असं अभ्यासक सांगतात. त्याचा कुत्रा केला की यातलं काहीच उरत नाही. उसाच्या फडाकडेला कोल्हेकुई ऐकत वाढलेल्या माणसाला हे खुपतं. पुढे थॉथचा थोथ झाला, थोथचा तोत झाला. तीन निराळे देव असतील म्हणून मी मागची पानं चाळत बसलो.

हे झालं अनुवादाचं. मूळ लेखकाची चूक याहून मोठी आहे. त्याचे देव काचेच्या इमारतीत साठाव्या मजल्यावर राहतात, सूट घालतात, फोनवर धमक्या देतात आणि एकमेकांवर विजा सोडतात. राज्य करतात म्हणजे नेमकं काय करतात, ते पाचशे पानांत कळत नाही. खऱ्या इजिप्तमध्ये देवांना रोजची कामं होती. नाईलला पूर आणायचा, पीक उभं करायचं. मेलेल्याचं काळीज तराजूत एका पिसासमोर ठेवायचं, थॉथने त्याची नोंद करायची. काळीज जड भरलं तर ते गिळायला मगरीच्या तोंडाची अम्मित शेजारीच बसलेली. या कादंबरीत कुणी नवस बोलत नाही, कुणी नैवेद्य ठेवत नाही, कुणाचं पीकही बुडत नाही.

लोहा मागे पडलं आणि माळेगाव आलं. मार्गशीर्षात इथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार लागतो. मागे एका यात्रेत नवाकोरा ट्रॅक्टर थेट शोरूममधून आल्यासारखा उभा होता. बॉनेटवर भंडाऱ्याचे पाच बोटांचे ठसे होते, आणि मालक चाकाखाली लिंबू ठेवून हात जोडून थांबला होता. देव आजच्या जगात असतो तो असा, माणसाच्या कर्जात, जनावरात, लेकीच्या लग्नात. त्या लेखकाने ही यात्रा एकदा पाहायला हवी होती.

शिवाय इजिप्त आपल्याला इतकं लांब नाही. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण आणि तगर या बाजारपेठांची नावं आहेत. तगर म्हणजे लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं आणि तिथून जहाजात चढायचं. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात सेरापिसच्या देवळाच्या आवारात तर साडेसात किलो भारतीय काळी मिरी भरलेला रांजण सापडलाय. खरी कादंबरी इथे पडून आहे.

उरलेलं पुस्तक लातूरला मुक्कामी संपवलं. शेवटच्या पानावर होरस देव एका दारापाशी येतो, कडी काढतो आणि खाली छापलंय, ‘पहिला भाग समाप्त’. मुखपृष्ठावर, मलपृष्ठावर, आत कुठेही हा पहिला भाग असल्याचं लिहिलेलं नाही. प्रकाशकांना कळकळीची विनंती आहे, भाग पहिला असेल तर तसं मुखपृष्ठावर ठळक छापा. आणि अनुवादकांनो, कोल्ह्याला कोल्हाच म्हणा.