कधीतरी, थोडीशी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी साधारण १४ टक्के दारू पितात. बायका अर्धा टक्काही नाहीत. हे वाचून आमच्या सोसायटीबद्दलचा आदर दुणावला. अख्ख्या तालुक्याचा कोटा आमच्या बी-विंगनेच उचललाय म्हणायचा!

अशा पाहणीत काय होतं ते शेजारच्या काकांकडे पाहिलं. सर्व्हेवाला पोरगा सोफ्याच्या कडेवर अवघडून बसलेला, काकू पोह्यांची बशी हातात घेऊन दारात.

"काका, दारू घेता का?"

"छे! कधीतरी. लग्नाकार्यात."

"म्हणजे आठवड्यातून एकदा?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. "वर्षातून लिही."

बैठक मात्र दर शनिवारी. या हिशेबाने काकांच्या नात्यात दर शनिवारी लग्न असतं.

हेच काका मित्रांत बसले की आकडा उलटा पळतो. नव्वदची क्वार्टर होते, क्वार्टरचा खंबा होतो आणि "तरी गाडी सरळ घरी आणली" हे शेपूट वर. सरकारदरबारी तिसरंच. आपल्याकडे पिण्याचा परवाना मिळतो तो तब्येत राखण्यासाठी. म्हणजे काकू ऐकत असल्या तर काका पीतच नाहीत, मित्र ऐकत असले तर पिंप रिचवतात आणि सरकार ऐकत असलं तर औषध घेतात. माणूस तोच, बाटलीही तीच.

अमेरिकेत विल्यम रॅथ्जे या पुरातत्त्वज्ञाने १९७३ पासून टुसॉन शहरातल्या घरांचा कचरा उपसून मोजला. लोकांनी तोंडाने सांगितलेली बिअर आणि कचऱ्यात निघालेले डबे यांचा मेळ बसेना. डबे कायम जास्त. आपल्याकडे हे संशोधन भंगारवाला विनाअनुदान करतो. काका रद्दीच्या गठ्ठ्याआड गोणी सरकवतात, तो बाटल्या खणखणवत मोजतो आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा निष्कर्ष जाहीर करतो, "साहेब, या महिन्यात बावीस!"

त्यामुळे सर्वेक्षणवाल्यांना एकच विनंती. "किती पिता?" हा प्रश्न खुशाल ठेवा, पण त्याच्या आधी एक रकाना वाढवा: "पोहे कोणी आणून दिले?"