हिरवे रक्त, तीन तास

हिंसक व्हिडिओ गेममुळे मुले बिघडतात का, हे ठरवायचे तर आधी बिघाड मोजावा लागतो. प्रयोगशाळेत खरी मारामारी घडवून आणता येत नाही. म्हणून मानसशास्त्रज्ञांनी तिखट सॉसचा आधार घेतला. गेम खेळून उठलेल्याने दुसऱ्याला किती झणझणीत सॉस वाढला, त्यावरून त्याची आक्रमकता ठरते. (या मापाने कोल्हापुरातले बहुतेक यजमान धोकादायक ठरतील.) दुसऱ्या पद्धतीत प्रतिस्पर्ध्याच्या कानात कर्कश आवाज सोडायचा असतो. अशा प्रयोगांतून लहानसा संबंध दिसतो, आणि त्यावरही वाद आहेत. ऑक्सफर्डच्या संशोधकांना 2019 मध्ये सुमारे हजार ब्रिटिश किशोरांत तो आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने 2020 मध्ये आरडाओरडा, ढकलाढकल एवढ्यापुरता संबंध मान्य केला. गंभीर हिंसाचाराचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, असेही बजावले.

पुराव्याची वाट पाहणे प्रशासनाच्या स्वभावात नसते. मार्च 2019 मध्ये राजकोट पोलिसांनी पबजी या गोळीबाराच्या मोबाइल गेमवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. 2020 मध्ये देशभर बंदी आली, पण कारण मुलांचे वर्तन नव्हे, देशाचे सार्वभौमत्व आणि सुरक्षा. 2021 मध्ये तोच खेळ नावात ‘इंडिया’ लावून परतला. बंदुका तशाच होत्या. रक्त मात्र हिरवे झाले. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास खेळण्याची मुभा होती. त्यांच्याकडून पालकांचा मोबाइल क्रमांकही मागितला जाई. तो मोबाइल बहुधा मुलाच्याच हातात असे.