पान ४७ बघा

ब्रिजच्या क्लबात पाऊल टाकलंय आणि भाऊसाहेब भेटले नाहीत, असा माणूस मी पाहिलेला नाही. तुमच्या गावात त्यांचं नाव दुसरं असेल, निवृत्तीचं खातं वेगळं असेल, पण काखेत ती निळी बॉक्सफाईल असणारच. आमच्या भाऊसाहेबांच्या फाईलवर जाड मार्करने ‘प्रिसिजन’ लिहिलंय आणि खाली कंसात ‘सुधारित’. सुधारणा दर पावसाळ्यात होते. कारण विचाराल तर त्या दिवसांत फिरायला जाता येत नाही.

ज्यांनी आयुष्यात फक्त रमी खेळली त्यांच्यासाठी ही प्रिसिजन नावाची बोलीची पद्धत थोडक्यात. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. असे अख्ख्या कॅटमध्ये ४० गुण. हातात १६ किंवा जास्त आले की भाऊसाहेब ‘वन क्लब’ बोलतात. या बोलीचा किलवरशी काडीचाही संबंध नाही. हातात किलवरचं एकही पान नसलं तरी वन क्लबच. मग समोरच्या भिडूने आपली परिस्थिती सांगायची. सातपर्यंत गुण असतील तर ‘वन डायमंड’, म्हणजे मी कफल्लक आहे. चौकटचा इथेही काही संबंध नाही. आठ किंवा जास्त असतील आणि एखादा पाच पानांचा रंग असेल तर तो सरळ बोलायचा. संपलं. एवढं सगळं फाईलच्या पहिल्या पानावर मावतं. बाकीची पानं भाऊसाहेबांची हौस.

त्यातलं पान ४७ आमच्या क्लबात कुप्रसिद्ध आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ नव्याने आले आणि कुणी सावध करायच्या आत भाऊसाहेबांच्या समोर बसले. भाऊसाहेबांनी वन क्लब बोलला. गृहस्थांच्या हातात नऊ गुण, तीन रंगांची चार-चार पानं आणि इस्पिकचं एकुलतं एक. पाच पानांचा रंग नाही, म्हणून त्यांनी सरळ मनाने ‘वन नो ट्रंप’ सांगितलं. बोली तीन नो ट्रंपवर जाऊन थांबली, उतारी इस्पिकची आली आणि पहिले पाचही हात समोरच्यांनी ओढले. भाऊसाहेब चिडले नाहीत. त्यांनी पानं गोळा केली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “पान ४७ बघा.”

पान ४७ वर असं आहे, की चार-चार-चार-एक वाटपाचा चांगला हात असेल तर आधी ‘वन डायमंड’ म्हणायचं, म्हणजे धडधडीत खोटं बोलायचं, आणि पुढच्या फेरीत एकदम उंच उडी मारायची. भिडूने त्यावरून ओळखायचं की हा कफल्लक नव्हेच. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे “आमची काहीच अपेक्षा नाही हो” म्हणतात आणि चहा संपेपर्यंत यादी बाहेर येते, तशातला प्रकार. बँकवाल्या गृहस्थांनी ते पान दोनदा वाचलं आणि पुढच्या आठवड्यापासून बुद्धिबळाच्या टेबलावर बसायला लागले.

गंमत म्हणजे बोली चालू असताना आपल्या टिपणांत डोकावायला ब्रिजच्या कायद्यात बंदी आहे. त्यामुळे फाईल शेजारच्या खुर्चीवर बंद असते आणि डाव बुडाला की उघडते.

घरीही बोलींचाच विषय. मध्यंतरी भाऊसाहेबांना इटालियन ब्लू टीमच्या पद्धतीचं वेड लागलं. त्या पद्धतीत वन क्लबला उत्तर देताना गुण नव्हे, ताबे मोजतात: एक्क्याचे दोन, राजाचा एक, आणि जितके ताबे तितकी उत्तराची पायरी वर. हे ते जेवताना समजावून सांगत होते. काकूंनी आमटी वाढता वाढता विचारलं, “आणि राणीचे किती?” “शून्य. राणी मोजतच नाहीत.” काकू म्हणाल्या, “ते मला लग्नापासून ठाऊक आहे.” तेव्हापासून भाऊसाहेबांचा चष्मा हरवला, की स्वयंपाकघरातून उत्तर येतं, “पान ४७ बघा.”

त्यांचा खरा शत्रू मात्र आमच्या क्लबातल्या निवृत्त गणितशिक्षिका. वन क्लबवाल्याची गोम अशी, की त्याने ताकद सांगितलेली असते, रंग एकही सांगितलेला नसतो. तेवढ्यात कुणी मध्ये तोंड घातलं की सगळ्या पायऱ्या कोसळतात. बाईंना हे पक्कं माहीत. हातात तीन गुण आणि इस्पिकची पाच फडतूस पानं असली, की भाऊसाहेबांच्या वन क्लबवर त्या गोड आवाजात “वन स्पेड” म्हणतात. आता भिडूने काय करायचं? पान ६२: चारपर्यंत गुण असतील तर पास, पाच ते आठ असतील तर डबल, त्यापुढे खरा रंग. एकदा भिडूने इमानेइतबारे डबल दिला. भाऊसाहेबांना वाटलं, याने बाईंना धडा शिकवायला दिला. त्यांनी पास केलं आणि बाईंनी वन स्पेड डबलमध्ये करून दाखवला. स्वतःची फाईल स्वतःच विसरलेला माणूस तेव्हा मी पहिल्यांदा पाहिला. पान ६२ बघा, असं त्या दिवशी कुणीच म्हणालं नाही. आम्ही सभ्य लोक आहोत.

एकदा मी त्यांना हिशेब दाखवला. सोळा किंवा जास्त गुणांचा हात दहांतून एखाद्या वेळी येतो. त्यानंतर उरतात फार तर २४ गुण, तेही तिघांत वाटायचे. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा भिडूचं उत्तर एकच: वन डायमंड. एवढ्यासाठी ही अख्खी फाईल? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि व्हँडरबिल्ट काढला. कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत ज्याने १९२५ मध्ये बोटीवर बसून बसवली, त्यानेच १९२९ च्या पुस्तकात जोरदार वन क्लब आणि पडका वन डायमंड सांगितलाय, तो काय मूर्ख होता? आणि १९६९ मध्ये रिओला? सी. सी. वे नावाच्या जहाजवाल्याची प्रिसिजन घेऊन तैवानची पोरं थेट बर्म्युडा बोलच्या, म्हणजे ब्रिजच्या जागतिक स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात! “हरली ना पण?” मी म्हटलं. “इटलीकडून हरली,” भाऊसाहेब म्हणाले. जणू इटलीकडून हरणं हे जिंकण्याहून वरच्या दर्जाचं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत जकार्ताला प्रणब बर्धन यांनी साठाव्या वर्षी ब्रिजचं सुवर्णपदक आणलं, तेव्हा तर भाऊसाहेबांनी नवी फाईलच घेतली.

आता एक सांगायलाच हवं, थोडं नाइलाजाने. इतक्या वर्षांत भाऊसाहेबांनी भिडूला टेबलावर बोल लावलेला मी ऐकलेला नाही. ब्रिजमध्ये ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते कुठल्याही क्लबाच्या जिन्यात उभं राहून ऐका. भिडू चुकला की ते फाईलमध्ये एक पान वाढवतात. चूक त्याची नव्हे, आपल्या लिहिण्याची, असा त्यांचा हिशेब. फाईल जाड झाली ती अशी.

त्या फाईलमध्ये दोन अक्षरं आहेत, हेही मला उशिरा दिसलं. निळ्या शाईतलं भाऊसाहेबांचं आणि समासात पेन्सिलीने तिरकं कुणाचं तरी. “भाऊ, इथे सरळ पास करावा.” “हे मला जमणार नाही.” “पान ४७ माझ्यामुळे, कबूल.” हे त्यांचे पहिले भिडू, कॉलेजपासूनचे. ते आता मुलाकडे न्यू जर्सीला असतात. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला भाऊसाहेब काँप्युटर लावतात. तिकडे आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. दोघं ऑनलाइन टेबलावर बसतात. त्यांच्यात वन क्लबचं उत्तर कधी चुकत नाही. काकू सांगतात, त्या तासात हे एकदाही फाईल उघडत नाहीत.

पण पहाट ती पहाट आणि गुरुवार तो गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी क्लबात समोरच्या खुर्चीवर खराखुरा माणूस लागतो आणि ती खुर्ची सध्या रिकामी आहे. मी तिथे बसू शकत नाही, माझा भिडू ठरलेला आहे आणि त्याच्याकडे फाईल नाही. तेव्हा कुणाला यायचं असेल तर साडेसहाला या. पत्ते कसेबसे येत असले तरी चालतील. वन क्लबवर वन डायमंड म्हणता आलं की निम्मं काम झालं. उरलेलं ते शिकवतील, तुमची इच्छा असो वा नसो.