ओटीपीचा नारळ

बारामती तालुक्यातल्या कन्हेरीच्या मारुतीपुढं पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ फुटतो, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक. सर्व्हरसाठी नारळ फोडायची सोय मात्र अजून कुठल्याच देवळात झालेली नाही. तोवर फोन-ॲपच्या अडचणी सोडवायला गावाचा पार आहेच. शहरात याला कॉम्प्युटर क्लब म्हणतात नि वर्गणी घेतात; इथं चहावर भागतं.

१५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणीचं ॲप आलं. त्याआधी तलाठी चावडीत बसल्या बसल्या शिवारातली पिकं बघायचा, दिव्यदृष्टीच ती! आता शेतकऱ्यानंच स्वतःच्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, अक्षांश-रेखांशासकट. रेंज बांधावर, ऊस आत.

"आबा, लोकेशन चालू करा."

"मी हितंच उभा हाय की! आणिक काय चालू करू?"

मग आठवीतला नातू फोन हातात घेतो. २००१पासून घरोघरच्या भिंतींवर एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रं लागली. ती मिळवलेले चुलते शेजारी उभे राहून "बंद करून चालू कर" एवढाच सल्ला देतात. निम्म्या वेळा तो लागूही पडतो, म्हणून त्यांचा मान टिकून आहे.

पीएम-किसानच्या ई-केवायसीला अंगठा लावावा, तर खुरप्यानं रेषाच पुसलेल्या. ओटीपी जातो पुण्यातल्या पोराच्या नंबरावर, आणि पोरगा मीटिंगमध्ये. तो फोन उचलेस्तोवर ओटीपी शिळा. पारावरचं मंडळ एकमतानं ठरवतं, आधारला जोडलेला फोन नंबरच बदलून टाकू.

तालुक्याला जावं लागतं त्यासाठी. तिथं सर्व्हर डाऊन.